देवळालीचा डबल बास

मला आयुष्यात दोनच गोष्टी नीट शिकवल्या गेल्या, डबल बास वाजवणं आणि लोकांना तुच्छ लेखणं. दोन्ही शिकवणारा माणूस एकच होता.

आम्ही देवळाली कॅम्पात राहायचो. वडील लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. आमच्या मागच्या गल्लीत एक गोवेकर ख्रिश्चन गृहस्थ एकटे राहायचे. उभं आयुष्य लष्करी बँडमध्ये काढून निवृत्त झालेले. सगळा कॅम्प त्यांना ‘सर’ म्हणायचा. परेडला ते पितळी वाद्य फुंकायचे आणि ऑफिसरांच्या नाचाच्या संध्याकाळी डबल बास वाजवायचे. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या खानदानातला आजोबा. माणसापेक्षा उंच, खाली एका खिळ्यावर उभा राहणारा, आणि वाजवणाऱ्याने त्याच्या मागे उभं राहून त्याला कवेत घ्यायचं. नाचाच्या संध्याकाळी बंद झाल्या तेव्हा तो बास भंगारात निघाला आणि सरांनी तो घरी आणला. त्यांच्या पुढच्या खोलीत पलंग होता, बास होता आणि तिसऱ्या कशाला जागा नव्हती.

मी दहावीत असताना वडिलांनी मला त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला नेलं. सरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. वर्गातल्या सगळ्या मुलग्यांपेक्षा मी उंच होते आणि माझ्या हातांवरून आई नेहमी म्हणायची, हिला बांगड्या होत नाहीत. सर वडिलांना म्हणाले, “व्हायोलिन इसके हाथ में माचिस लगेगा.” आणि त्यांनी बास माझ्या खांद्याला टेकवला.

पहिलं वर्षभर त्यांनी मला मोकळ्या तारांवर नुसता गज ओढायला लावला. डावा हात खिशात. मी कंटाळले की म्हणायचे, “घर जाओ, हार्मोनियम सीखो, शादी में काम आएगा.” त्यांच्या मते जगात वाजवणारे फार थोडे होते, बाकीचे हजेरी लावत होते. चर्चमधले गाणारे बेसूर. रेडिओवरचे वादक आळशी. त्यांच्यानंतरचा बँड तर चालता येतं म्हणून बँड. मी हे सगळं ऐकत गज ओढायचे, आणि हळूहळू मलाही ऐकू यायला लागलं की सर खरंच बोलत आहेत. बेसूर कळायला लागला की माणसाचं सुख संपतं. माझं अठराव्या वर्षी संपलं.

कॉलेज झाल्यावर मी कॅम्पातल्याच एका शाळेत गणित शिकवायला लागले. वाजवायला मात्र सरांच्या खोलीबाहेर जागा नव्हती. नाशिकमध्ये तेव्हा ऑर्केस्ट्रांचा जोर होता. लग्नाचे स्वागत समारंभ, गणपती, कुणाचा तरी वाढदिवस. हिंदी सिनेमाची गाणी आणि मध्ये एक नकलाकार. अशाच एका ऑर्केस्ट्राच्या मालकाला कुणीतरी सांगितलं की कॅम्पात एक मुलगी माणसाएवढं व्हायोलिन वाजवते. तो लगोलग आला. बरोबर त्याचा कीबोर्डवाला होता. माझ्याच वयाचा, केसांना भरपूर जेल, बोलायला गोड. त्याने बासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मालकाला म्हणाला, “स्टेजवर काय दिसेल हो हे!” काय वाजेल हे त्याने विचारलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं.

सरांनी फक्त एवढंच म्हटलं, “जाओ. देखो गंदगी कैसी होती है. घर बैठके थोडी पता चलेगा.”

मी गेले. पुढचा सगळा हंगाम मला चकचकीत साडी नेसवून स्टेजच्या मधोमध उभं केलं जायचं. माझ्यासमोर माइक असायचा. बास टेम्पोतून यायचा, ड्रमच्या शेजारी आडवा, आणि प्रत्येक गावात तो उतरवताना कुणीतरी हमखास विचारायचं, “कोण गेलं?” मी मात्र मन लावून वाजवत होते. त्या गाण्यांमध्येही खालचे स्वर नीट रचलेले असतात. ते मी कॅसेट पुन्हापुन्हा ऐकून उतरवून घेतले होते आणि ऑर्केस्ट्रातल्या कुणाहीपेक्षा नीट वाजवत होते, असा माझा समज होता.

नांदगावला एका व्यापाऱ्याच्या मुलाच्या लग्नाचा स्वागत समारंभ होता. बाजाराच्या मैदानात मांडव घातला होता. सायंकाळची वेळ, उजेड अजून होता, जेवणाच्या पंगती बाजूला चालल्या होत्या. एका उडत्या गाण्याच्या मध्यावर माझी सगळ्यात जाड तार तटकन तुटली. सरांच्या काळातली तार ती, कधीतरी जाणारच. तुटलेलं टोक माझ्या मनगटाला चाटून गेलं. मी हात वर घेतला आणि थांबले.

बास थांबला नाही.

स्पीकरमधून तो तसाच चालू होता. गोल, गुबगुबीत, तालात. मी तुटलेली तार हातात धरून उभी होते आणि माझा बास माझ्याशिवाय वाजत होता. मी वळून पाहिलं. कीबोर्डवाल्याचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर आरामात चालत होता. त्याने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि हनुवटीने खूण केली, चालू दे, हात हलवत राहा.

मी माझ्या माइकची वायर डोळ्यांनी शोधत गेले. ती स्टेजच्या कडेपर्यंत जात होती आणि तिथे गुंडाळून ठेवलेली होती. कशालाही जोडलेली नव्हती.

प्रेक्षकांत एकालाही काही वेगळं वाटलं नाही. पुढच्या रांगेतल्या बायका माझ्या साडीकडे पाहत होत्या. गाणं संपलं, टाळ्या झाल्या. गाणाऱ्याने ओळख करून देताना “आणि बासवर आपल्या ताई!” असं म्हटलं, तेव्हा माझ्या हातात तुटलेली तार होती, तरी पुन्हा टाळ्या झाल्या.

टेम्पोत बसताना मी कीबोर्डवाल्याला विचारलं, “पहिल्यापासून?”

“अहो ताई, चिडू नका,” तो म्हणाला. “तुमचा आवाज माइकमध्ये घुमतो. साउंडवाल्याला झेपत नाही. आणि लोकांना काय, बघायला मिळालं की झालं. तुम्ही दिसता म्हणून आपल्याला सुपाऱ्या मिळतात.”

तो हे प्रेमाने सांगत होता. मला आजही त्याचा राग येत नाही. राग यायला समोर माणूस लागतो. त्याच्या ठिकाणी मला फक्त एक डावा हात दिसतो.

मी सरांना सगळं सांगितलं. मग त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली, त्यातून कागदात गुंडाळलेली एक तार काढली आणि मला बासवर चढवायला लावली. चढवून झाल्यावर म्हणाले, “अब बजाओ. बिना माइक.”

मी पुन्हा कुठल्याही ऑर्केस्ट्रात गेले नाही. आई म्हणाली, निदान त्या निमित्ताने चार लोकांत दिसत होतीस, एखादं स्थळ तरी आलं असतं.

पुढची काही वर्षं मी शाळा आणि सरांची खोली यांच्यामध्ये घालवली. सरांची बोटं आखडत चालली होती, ते आता वाजवत नव्हते, नुसते ऐकून नावं ठेवत होते. अशात एका दुपारी दारासमोर मुंबईची टॅक्सी थांबली. आतून पुण्याचा एक संयोजक उतरला आणि त्याच्यामागे एक जर्मन माणूस. लांबलचक, पन्नाशीचा, हातात सॅक्सोफोनची पेटी. त्याचा बासवाला पोट बिघडून मुंबईत आडवा झाला होता आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला त्यांचा कार्यक्रम होता. मुंबईतल्या चर्चच्या जुन्या वादकांनी सांगितलं होतं की देवळालीला एक बासवाला आहे. सरांनी आपली बोटं त्याच्यासमोर धरली, वळत नव्हती ती, आणि माझ्याकडे मान केली.

जर्मन माणसाने मला काही वाजवून दाखवायला सांगितलं. मी सरांनी घोटून घेतलेला एक संथ तुकडा वाजवला. त्याने मान हलवली आणि इंग्रजीत म्हणाला, सुंदर, पण आपण यातलं काहीच वाजवणार नाही. मी विचारलं, मग काय वाजवायचं? तो म्हणाला, ठरलेलं नाही. मी विचारलं, कधी ठरेल? तो म्हणाला, वाजवताना.

मला वाटलं, हाही कीबोर्डवालाच, फक्त परदेशी.

पुण्याच्या त्या छोट्या सभागृहात जेमतेम खुर्च्या भरल्या होत्या. निम्मे लोक परदेशी भाषा शिकणारे विद्यार्थी, उरलेले फुकट चहाचे. आम्ही तिघं होतो. जर्मन सॅक्सोफोन, त्याचा ड्रमवाला आणि मी. जर्मनाने सुरुवातीला वाद्यातून नुसता वारा सोडला. सूर नाहीच, फुसफुस. ड्रमवाला एका झांजेवर जेवणाचा काटा घासत होता. मी बास धरून उभी राहिले आणि मनात म्हटलं, यांनी आयुष्यात एकदा तरी मोकळ्या तारेवर वर्षभर गज ओढलाय का? मी काहीच वाजवलं नाही. बराच वेळ. लोकांना वाटलं असेल हे पण ठरलेलंच.

मग जर्मनाने एक स्वर धरला. एकच, लांब, किंचित उतरलेला. तो जाणूनबुजून उतरलेला होता, हे मला कानाने कळलं. बेसूर माणूस असा स्थिर राहूच शकत नाही. त्याच्या खाली काहीतरी हवं होतं. मी गज तारांखालच्या घोडीच्या अगदी जवळ ठेवला आणि जाड तारेतून तिचा पोटातला घोगरा आवाज काढला. सरांकडे तो आवाज निघाला की मला शिव्या बसायच्या. इथे तो जर्मनाच्या स्वराखाली जाऊन बसला आणि दोन्ही मिळून तिसरंच काही थरथरायला लागलं. जर्मन माझ्याकडे वळला नाही. त्याने फक्त स्वर आणखी केसभर उतरवला. मी त्याच्यामागे गेले. मग मी पुढे गेले आणि तो मागे आला. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणी दिसत नव्हतं, माझी वायर कुठे जाते हे पाहायची गरज नव्हती, कारण वायरच नव्हती. मला पहिल्यांदाच खात्री वाटली की मी थांबले तर हे थांबेल.

मी त्या संगीताच्या प्रेमात तिथेच पडले. ते वाजवणाऱ्या लोकांच्या प्रेमात मात्र मी आजतागायत पडलेले नाही.

सरांना मी त्या कार्यक्रमाची कॅसेट ऐकवली. त्यांनी डोळे मिटून सगळी ऐकली. मग म्हणाले, “हाथ अच्छा है. बाकी सब दरवाज़ा बिना तेल का.”

त्या जर्मनाने मला पुढे दोनदा जर्मनीतल्या संगीत संमेलनांना बोलावलं. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, तिथे तरी कानाची माणसं भेटतील. उतरल्या उतरल्या संयोजक बाईने माझ्या हातात छापील कार्यक्रमपत्रिका दिली. त्यात मी ‘पवित्र गोदावरीच्या काठावरची’ होते आणि माझ्या बासमध्ये ‘हजारो वर्षांच्या मंत्रांचे पडसाद’ होते. मी तिला सांगितलं, मी तोफखान्याच्या गावची आहे, माझ्या बासमध्ये पडसाद असलेच तर गोळाबाराच्या सरावाचे असतील, आणि शिकवलं मला एका कॅथलिक बँडवाल्याने. ती हसली आणि म्हणाली, साडी आणली आहेस ना?

मी पँट-शर्टात वाजवलं. एकटीने, अर्धा तास. समोरचे लोक डोळे मिटून, तळवे वर करून बसले होते, जणू आत्ता प्रसाद मिळणार आहे. मी मध्येच बासच्या लाकडावर उघड्या हाताने थापा मारल्या, गज उलटा धरून तारांवर आपटला, मुद्दाम भसाडं, कुरूप वाजवलं. तरी डोळे उघडेनात. संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई पुढे आल्या. डोळ्यांत पाणी. त्यांनी विचारलं, हा कोणता राग होता? मी म्हटलं, कुठलाच नाही. त्या माझा हात दाबून म्हणाल्या, तुम्ही सांगत नसाल, पण मला ऐकू आला.

नांदगावच्या बायका साडी पाहत होत्या. या बाईंना साडी नसतानाही दिसत होती. फरक असलाच तर नांदगावच्या बायका स्वतःला रसिक म्हणवत नव्हत्या.

दुसऱ्या खेपेला मी फक्त त्या जर्मनासाठी गेले. त्याच्याशी वाजवणं मला हवं होतं. त्याच्या बाजूचं बोलायचं तर तो एकदाही गोदावरी म्हणाला नाही.

मी परदेशात वाजवून आले ही बातमी नाशिकच्या एका पेपरात आली. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचा, हातात बासऐवजी चेलो. पण त्यानंतर शहराने मला ओळखायला सुरुवात केली. ज्यांनी कधी एक स्वर ऐकला नव्हता ते मला दीपप्रज्वलनाला बोलावू लागले. आणि मग काही वर्षांनी कीबोर्डवाल्याचा फोन आला.

तोवर तो मोठा माणूस झाला होता. ऑर्केस्ट्रा कधीच मागे पडला होता. आता कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष, केस वाढवलेले, आणि करायचा तो ‘फ्यूजन’. बासरीवाल्याला एक राग वाजवायला लावायचा, खाली लॅपटॉपमधून ठेका सोडायचा आणि वर कीबोर्डची साखर पेरायची. गंगापूर धरणाच्या बाजूला तेव्हा द्राक्षमळ्यांत वाइनचे महोत्सव भरायला लागले होते. मुंबई-पुण्याहून लोक गाड्या भरून यायचे, गवतावर गाद्या टाकून प्यायचे. त्यांच्यासाठी तो वाजवायचा.

“मॅडम,” तो फोनवर म्हणाला. ताईची मॅडम झाले होते. “आपण एकत्र काहीतरी करायला हवं. तुमचं ते परदेशी, ॲब्सट्रॅक्ट, आणि माझं सोलफुल. लोकांना ध्यानासारखं वाटेल.”

मी हो म्हटलं. लोक विचारतात, का हो म्हटलंस? मला पाहायचं होतं. सरांच्या शब्दांत, गंदगी घर बैठके पता नहीं चलती.

मळ्यात पोहोचले तेव्हा ऊन कलत होतं. स्टेज वेलींच्या रांगांच्या टोकाला होतं. या वेळी मी माझी वायर स्वतः जोडली आणि तिच्याजवळच उभी राहिले. त्याने ठेका सोडला, बासरीवाला सुरू झाला आणि कीबोर्डवर त्याच्या त्या गोड स्वरसंगती एकामागून एक उमलायला लागल्या. त्याच चार-पाच, फिरून फिरून. त्याने माझ्याकडे हसून मान झुकवली. या, मॅडम.

एक गोष्ट सांगायला हवी. चार स्वर एकत्र वाजले की त्यांचा अर्थ काय, हे सगळ्यात खालचा स्वर ठरवतो. वरची मंडळी कितीही हसरी असोत, खालचा स्वर बदलला की तेच हसू रडवं होतं, किंवा आंबतं. बासवाल्याला कुणी बघत नाही, पण घराचा पाया त्याच्या हातात असतो. त्या माणसाने हंगामभर माझा पाया स्वतःच्या डाव्या हातात ठेवला होता. आज त्याने तो लोकांसमोर मला दिला होता.

त्याने पहिली संगती दाबली आणि मी तिच्या खाली तिचा स्वर न लावता अर्धा स्वर खालचा लावला. लांब गजाने, अगदी सुरात, अगदी सभ्यपणे. मळ्यावर एकदम ढग आल्यासारखं झालं. त्याने दुसरी दाबली, मी तिचाही पाया काढून घेतला. तो हसतच होता, पण मान हलायची थांबली. तो घाईने दुसरीकडे गेला. मी आधीच तिथे जाऊन बसले होते. बासरीवाला पोरगा नव्हता, पन्नाशीचा, जाणता माणूस होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, बासरी खाली घेतली आणि पाणी प्यायला लागला. वीस मिनिटं मी त्या माणसाची एकही संगती धडपणे उभी राहू दिली नाही. त्याच्या कपाळावरून घाम रुद्राक्षांवर ओघळत होता. इतकं काळजीपूर्वक मी क्वचितच वाजवलं आहे.

शेवटचा स्वर विझला. गवतावरचे लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. ग्लास धरलेली एक मुलगी ओरडली, “सो डीप!”

कीबोर्डवाला माझ्याकडे धावत आला. मला वाटलं, आता तरी. निदान एक शिवी देईल.

त्याने माझे दोन्ही हात धरले. “मॅडम, काय डार्क झालं आज! मला काही कळतच नव्हतं कुठे चाललोय! आपण याची सीडी काढायची.”

आणि त्याने ती काढली. मुखपृष्ठावर द्राक्षांचा घोस, त्याचा चेहरा, आणि खाली कुठेतरी मी. पुढच्या महोत्सवापासून तो स्वतःच्या डाव्या हाताने तेच अर्धा स्वर खालचे सूर लावायला लागला आणि त्याला ‘माझा डार्क पीरियड’ म्हणू लागला. ज्याला ऐकू येत नाही त्याचा अपमान करता येत नाही, हे मी गणिताच्या बाईने आधीच ताडायला हवं होतं.

सर तोपर्यंत अंथरुणाला खिळले होते. कानही अर्धे गेले होते. त्यांच्या पलंगाशी बसून मी ओरडून ओरडून मळ्यातली हकीकत सांगितली.

“आधा सुर नीचे?” त्यांनी विचारलं.

“हो सर.”

“हर कॉर्ड में?”

“सगळ्या.”

ते हसायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. “नीच औरत,” ते म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. त्या पावसाळ्यानंतर ते गेले. चर्चमधले लोक त्यांच्यासाठी गायले. बेसूर.

बास माझ्याकडे आला. नाशिकच्या द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसवर कोचिंग क्लासची खोली होती, ती आम्हाला रविवारी मिळायची. आम्ही म्हणजे मी, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून वैतागलेला एक मालेगावचा माणूस, आणि चित्रकला शिकवणारी एक बाई, जी ताटं, पत्रे, साखळ्या असं काहीबाही अंथरून त्यांवर वाजवायची. ठरवलेलं काही नाही. ऐकायला कधी चार जण, कधी क्लॅरिनेटवाल्याची बायको. तीही खूप वेळा झोपायची, पण ती झोपते आहे हे ती लपवत नव्हती, म्हणून ती मला आवडायची.

एकदा पुण्याहून एक तरुण आला. दाढी, झोळी, कसलासा अभ्यास करत होता. पूर्ण वेळ डोळे मिटून ऐकलं. ते मला तेव्हाच खटकलं. संपल्यावर म्हणाला, “खालचे हॉर्न, ट्रकचे ब्रेक, हा द्वारकेचा ट्रॅफिकसुद्धा तुमच्या संगीताचाच भाग आहे ना?”

“नाही,” मी म्हटलं. “तो ट्रॅफिक आहे. ती खिडकी लावा.”

त्याने लावली. क्लॅरिनेटवाल्याने ओठ ओले केले, आणि आम्ही पुन्हा सुरू केलं.